सायीच्या जमिनीखालची रेघ

तिला या धंद्यातली माणसं सांधेवाली म्हणतात. व्हिनाइलच्या, म्हणजे जमिनीवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या चादरीच्या, दोन पट्ट्या जिथे शेजारी शेजारी येतात, तिथला सांधा ती असा बुजवते की डोळे मिटून नख फिरवलं तरी नखाला पत्ता लागत नाही. हे नाव तिला कुणी समारंभ करून दिलेलं नाही. एका दवाखान्यात एक रंगारी तिच्या कामावर ओणवा होऊन सांधा शोधत बसला होता. सापडेना, तेव्हा वैतागून म्हणाला, "सांधेवालीलाच बोलवा, तीच दाखवेल." तेव्हापासून ते नाव चिकटलं, आणि तिच्या गमसारखंच पक्कं चिकटलं.

लोकांना वाटतं, व्हिनाइल काय, अंथरलं की झालं. ती काय सतरंजी आहे? त्याला स्वभाव असतो. थंड खोलीत ते ताठ होतं, कुणाचं ऐकत नाही. ऊब मिळाली की लोळण घेतं. म्हणून गुंडाळी आणली की आधी त्याच खोलीत मुरू द्यावी लागते, पाहुण्याला टेकू द्यावं तशी. खालचा थर आरशासारखा हवा. वाळूचा एक कण राहिला तर आज दिसत नाही. पण चार पावलं त्यावरून गेली, की तो कण खालून डोकं वर काढतो आणि सगळ्या खोलीला सांगतो, मी इथे आहे. टणक फरशी सगळं पोटात ठेवते. ही मऊ जमीन काही पोटात ठेवत नाही.

हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं. तो जुना मिस्त्री. उभी उमर गुडघ्यांवर रांगत काढली आणि शेवटी गुडघ्यांनीच त्याला दगा दिला. आता तो काठी घेऊन चालतो. गिऱ्हाइकाला भेटणं, नमुने दाखवणं, तारखा कबूल करणं, हे त्याचं. दार लावून आत जे होतं, ते सगळं हिचं. तरी लोक म्हणायचे, "मिस्त्रींचं काम." तीही तेच म्हणायची. तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. निदान तसं ती स्वतःला सांगायची.

आणि तिसऱ्या होत्या वन्सं. मिस्त्रीची थोरली बहीण. या बाईनं एके काळी हिला भाकऱ्यांच्या कडांवरून टोमणे मारले होते, केर काढल्यावर बोट फिरवून धूळ दाखवली होती. पुढे सासरचं घर मोडलं, भांडीकुंडी वाटली गेली आणि वन्सं एक ट्रंक घेऊन भावाच्या दारात आल्या. नुसतं बसून खाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एका सकाळी त्यांनी पदर खोचला, भावजयीचे जुने गुडघ्याचे पट्टे बांधले आणि म्हणाल्या, "चल गं. बघू तरी कसली जमीन करतेस."

हात मात्र सोन्याचे निघाले. दातेरी थापीनं गम पसरावा तो त्यांनीच, नांगरलेल्या वाफ्यासारखा एकसारखा. दोन गडी ढकलतील तो जड रोलर त्या एकट्या फिरवायच्या आणि वर म्हणायच्या, "सासरी याहून जड माणसं हलवलीत मी."

तर असं त्यांचं चाललेलं असताना बाळंतपणाच्या दवाखान्यातलं काम आलं. नवजात बाळांचा नवा वॉर्ड. जुना वॉर्ड फरशीचा होता, त्याच्या भेगा कितीही घासल्या तरी काळ्याच राहायच्या. तिथल्या मुख्य सिस्टरनं हट्टच धरला होता, की जमिनीला एकही भेग नको, भिंतीलगत कोपराही नको. म्हणून सायीच्या रंगाचं व्हिनाइल ठरलं. ते भिंतीवर वळवून चढवायचं, वाटीच्या काठासारखं, म्हणजे घाणीला बसायला जागाच नाही. तोवर बाळं जिन्याजवळच्या अरुंद खोलीत होती. दार उघडलं की वारा थेट पाळण्यांवर जायचा. सिस्टर रोज येऊन एकच विचारायची, "कधी?"

काम संपायचा दिवस उजाडला. सकाळपासून सांधेवाली शेवटच्या सांध्यावर होती. दोन पट्ट्यांमध्ये कोरलेल्या खाचेत गरम हवेच्या बंदुकीनं व्हिनाइलची बारीक दोरी वितळवत न्यायची. हात थांबला तर जळतं, घाई केली तर धरत नाही. मग वरचा फुगवटा चंद्रकोरीच्या सुरीनं काढायचा, पण एकदम नाही. गरम असताना अर्धाच. उरलेला पूर्ण निवल्यावर. गरम असतानाच सपाट केला तर निवताना तो आत बसतो, आणि राहते ती बारीक नाली. माणसं इथेच घाई करतात. ही करत नसे. निवेपर्यंत ती तिथेच मांडी घालून बसायची, झोपलेल्या लेकराजवळ बसावं तशी.

दुसऱ्यांदा सुरी फिरवून उरलेला फुगवटा काढून झाला. दारापाशी एक तुकडा कापायचा राहिला होता. तिनं मान न वळवता हात मागे केला. "वन्सं, पेन्सिल."

हातात आलं ते जाड मार्कर.

"पेन्सिल म्हटलं मी."

"पेन्सिल कुठाय? ती कधीच टाकली मी." वन्सं रोलर पुसत होत्या. "त्या काळपट थरावर दिसते का तुझी पेन्सिल? डोळे फुटायची वेळ आली. मधली रेघ मी यानंच ओढली. कशी ठळक आली होती! मापंसुद्धा घातली शेजारी."

सांधेवाली वळली. हळूच वळली, मागे साप असावा तशी.

"कुठली मधली रेघ?"

"दोन भिंतींवर खुणा करून दिल्यास ना तू? त्या जोडायला सांगितलंस ना? तीच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

एरवी गम पडायच्या आधी ती खालचा थर स्वतः बघायची, तळवा फिरवायची. मधली पट्टी बसवली त्या दिवशी मात्र कोपऱ्यातली पट्टी वळता वळेना. ती तिकडे गरम हवा देत बसली आणि इकडे वन्संनी गम पसरला. मग दोघींनी पट्टी अंथरली, रोलर फिरवला. रेघ खाली गेली.

"वन्सं," ती म्हणाली, "ती वर येणार."

"काय वर येणार?"

"रेघ. शाई. व्हिनाइलमध्ये एक तेलकटपणा असतो, त्यानंच ते मऊ राहतं. तो शाई पितो. पीत पीत वर आणतो. आज नाही, उद्या नाही. काही आठवड्यांनी."

"इतक्या जाड थरातून?" वन्सं हसल्या. "काही पण!"

"आणि आली की पुसता येत नाही. वरून पुसणार कसं? ती वर नसतेच."

वन्संचं हसू ओठांवरच राहिलं. आता त्यांनाही आठवलं. सांधेवालीचा चुलत दीर वर्षानुवर्षं मिस्त्रीच्या हाताखाली होता. त्यानं एका दुकानात असाच पेन चालवला. रेघा वर आल्या, मालक चार माणसांत मिस्त्रीला वाटेल तसं बोलला. मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी चुलतभावाला हात जोडले आणि सांगितलं, पुन्हा माझ्या कामावर पाऊल ठेवू नकोस. सख्ख्यासारखा होता तो. आता लग्नकार्यात भेटला तरी दोघं वेगवेगळ्या दिशांना बघतात.

वन्संनी गुडघ्याचे पट्टे घट्ट केले, जणू ते कुणी काढून घेणार होतं. "तो मला घरी बसवेल," त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "पुन्हा त्या ट्रंकेशेजारी."

एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला.

मिस्त्री आला, त्याच्यामागे दवाखान्याचे इंजिनियर साहेब, त्यांच्यामागे सिस्टर. सिस्टरनं दारातच चपला काढल्या आणि अनवाणी आत आली. पावलाला थंडपणा लागला नाही तशी तिनं खाली पाहिलं. खिडकीतून येणारा उजेड त्या सायीवर पसरला होता, कुठेही अडत नव्हता. साहेबांनी कोपरा शोधला, सापडला नाही. सांधा शोधला, सापडला नाही.

मिस्त्रीची छाती फुगली. "साहेब, केलेल्या जमिनीच्या दुरुस्तीला आम्हाला पुन्हा यावं लागलं, असं फार वर्षांत झालं नाही." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "आणि या आमच्या ताई. हात बघा त्यांचे. घरात हिरा होता, आम्हालाच उशिरा कळलं."

वन्संनी मान खाली घातली. लाजल्या असं साहेबांना वाटलं.

सांधेवालीच्या हातात अजून ते मार्कर होतं. गप्प बसणं किती सोपं होतं! जमीन सुंदर होती. आज सगळे खूष होते. रेघ येईल तेव्हा येईल. शंभर कारणं सांगता येतील. पण रेघ येणार आहे हे माहीत असताना त्या सायीकडे बघणं तिला जमेना. तिला ती आत्ताच दिसत होती.

"अहो," ती म्हणाली. "मधोमध शाईची रेघ आहे. खाली."

मिस्त्रीची काठी जिथल्या तिथे थांबली. "कुणी मारली?"

मग सांधेवाली म्हणाली, "काम मी करते. रेघ माझी."

"तुझी कुठली!" वन्सं उसळल्या. "हात माझा, मार्कर माझं, रेघ तुझी कशी? या बाईची ही जुनी खोड आहे. माझी भाकरी जळली की म्हणायची, मी जाळली. सगळं आपल्या नावावर! अरे, मी मारली रेघ. अन् सरळ मारलीय."

मिस्त्रीनं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. कान लाल झाले. "उचला," तो एवढंच म्हणाला. "मधली पट्टी उचला."

"आणि दुसरी कधी बसेल?" सिस्टरनं विचारलं.

"कारखान्यातून याच रंगाच्या, याच घाण्यातली गुंडाळी मागवावी लागेल. दुसऱ्या घाण्याची आणली तर रंगात फरक पडेल. खालचा थर खरवडून पुन्हा भरावा लागेल, वाळवावा लागेल…"

"मी विचारलं, कधी."

मिस्त्री बोटांवर दिवस मोजू लागला.

सिस्टर सांधेवालीसमोर येऊन उभी राहिली. "बाई, तुम्ही सांगा. रेघ आली की तिथे भेग पडेल?"

"नाही."

"पाणी शिरेल? रंग सुटून बाळांना लागेल?"

"नाही. नुसती दिसेल. कायमची दिसेल."

"मग दिसू दे." सिस्टरनं दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. "डाग तुमच्या नावाला लागेल, वारा माझ्या बाळांना लागतोय. उद्या सकाळी मी पाळणे आत आणतेय."

"सिस्टर, लोक हसतील आम्हाला," मिस्त्री म्हणाला.

"माझ्या वॉर्डात कुणाला हसायला वेळ नसतो, मिस्त्री."

साहेबांनी खांदे उडवले आणि ते सिस्टरच्या मागे निघून गेले. तिघं त्या सुंदर जमिनीवर उभी राहिली, परक्याच्या घरात शिरल्यासारखी.

घरी जाताना मिस्त्री पुढे आणि या दोघी मागे. दारात पोचल्यावर तो वळून म्हणाला, "ताई, रेघ वर येऊ दे. आली तर तू घरात बस. खायला काही कमी नाही." आणि आत गेला. वन्सं चप्पल काढता काढता म्हणाल्या, "ऐकलंस? खायला कमी नाही म्हणे. गाईलासुद्धा एवढं सांगत नाहीत, तिला नुसतं घालतात." सांधेवालीला हसू आलं, आणि गिळावं लागलं.

त्यानंतरचे दिवस चमत्कारिक गेले. दवाखान्यातच वॉर्डाला लागून दूध तयार करायची खोली होती, तिचं काम यांच्याकडे होतं. मधल्या भिंतीला काच. रोज सकाळी आल्या आल्या वन्सं काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. आत पाळणे होते, काडीएवढ्या बोटांची बाळं होती, आणि खाली ती सायीची जमीन. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. आठवडा गेला, काही नाही.

"उगाच घाबरवलंस मला," वन्सं म्हणायच्या. "तुझं व्हिनाइल माझ्यासारखं आहे, गिळून टाकतं सगळं."

सांधेवाली नव्या खोलीचा थर घासत राहायची. तिच्या मनात एकच घोळत होतं: रेघ येणार, आणि ती आली की हे गम पसरणारे हात भांडी घासायला घरी जाणार. नवऱ्याला अडवावं, तर आजवर अडवलं नव्हतं. कसं अडवतात, तेही ठाऊक नव्हतं. चुलत दिराला काढलं तेव्हा ती तिथेच होती, बंदुकीची वायर गुंडाळत. तिच्याच हाताखाली शिकला होता तो. तिनं वायर गुंडाळली आणि घरी आली.

मग एका सकाळी वन्सं काचेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या.

"ये गं," त्या म्हणाल्या.

सांधेवाली जाऊन उभी राहिली. पाळण्यांच्या मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दुधात केस पडावा तशी एक करडी छटा उतरली होती. माहीत नसणाऱ्याला दिसलीही नसती.

"डोळ्यांचा भास असेल," सांधेवाली म्हणाली.

"माझे डोळे म्हातारे असतील, खोटे नाहीत." वन्सं वळल्या. त्यांनी गुडघ्याचे पट्टे सोडले, झटकले, एकावर एक ठेवले. "त्याला सांगते मी. तू सांगू नकोस. नाहीतर पुन्हा म्हणशील, तुझी."

दुपारपर्यंत मिस्त्री आला. तोवर रेघ तशीच होती, पण तिच्याशेजारी मापाचे आकडेही उगवू लागले होते. आकडे वन्संच्या हातचे होते, नवाची शेपटी डुकराच्या शेपटीसारखी वळवलेली. सिस्टरनं तिघांना आत सोडलं, ओठांवर बोट ठेवून. सगळी बाळं झोपली होती.

म्हणून ते भांडण कुजबुजत झालं.

"आली," मिस्त्री कुजबुजला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो त्या रेघेकडे बघत राहिला. "ताई, मी बोललो होतो."

"ऐकलंय मी," वन्सं कुजबुजल्या. "पट्टे काढूनच आलेय."

"वन्सं कुठे जाणार नाहीत," सांधेवाली म्हणाली.

मिस्त्रीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"उद्या दूधखोलीत गम पडायचाय. वन्सं पसरतील."

"अगं, त्या चुलतभावाला मी काढला होता याच कारणावरून! आता बहिणीला ठेवली तर तो काय म्हणेल? लोक काय म्हणतील?"

"मग त्यालाही बोलवा. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं."

"धंदा माझ्या नावावर चालतो—"

"नावावर चालू दे." तिचा आवाज खालीच राहिला. एका पाळण्यात काहीतरी हललं, तिघंही श्वास रोखून थांबली. बाळानं ओठ चोखले आणि ते पुन्हा झोपलं. मग ती आणखी हळू म्हणाली, "बाहेर तुम्ही बोला. मी कधी मध्ये पडले? पण दार लावल्यावर आत कोण कसं काम करणार, ते मी बघते. वर्षं झाली, मीच बघतेय. या बाईनं चार माणसांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझी रेघ. मला हाताखाली असंच माणूस हवंय. शाईचं मी बघीन. गम पडायच्या आधी मी बघायला हवं होतं, ते मी चुकले. मला काढताय?"

मोठ्यानं बोलता आलं असतं तर मिस्त्रीनं कदाचित उलटून सुनावलं असतं; राग कुजबुजत धरून ठेवणं फार अवघड. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि भिंतीचा आधार घेत, दात आवळत, एकेक गुडघा खाली टेकवला. कित्येक महिन्यांत तो जमिनीवर उतरला नव्हता. त्यानं रेघेवर तळवा फिरवला, तिथे काहीच लागलं नाही. मग शेजारच्या सांध्यावर नख फिरवलं. तिथेही काही लागलं नाही.

"कुणी विचारलं तर काय सांगू?" त्यानं खालूनच विचारलं.

"शाई आहे म्हणून सांगा," सांधेवाली म्हणाली. "आमच्याकडून राहिली म्हणा."

"आणि अजून गडद होईल म्हणा," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे नंतर पुन्हा विचारायला येणार नाहीत."

सिस्टर पाळण्यांच्या पलीकडून पुढे आली. "तुमचं झालं असेल तर बाहेर. दूध पाजायची वेळ झाली."

मिस्त्रीला उठता येईना. एका बाजूनं बायकोनं धरलं, दुसऱ्या बाजूनं बहिणीनं. "केवढा जड झालायस रे," वन्सं दात आवळून म्हणाल्या. तो उठला, काठी घेतली आणि कुणाकडे न बघता दाराकडे निघाला. दारात थांबून म्हणाला, "त्याच्या घरी आज संध्याकाळी जातो मी. येईल की नाही, सांगता येत नाही. मी फार बोललो होतो त्याला." मग त्याची काठी जिन्यावरून हळूहळू उतरत गेली.

वन्सं दूधखोलीत आल्या, एकावर एक ठेवलेले पट्टे उचलले. बांधता बांधता त्यांनी भावजयीकडे असं पाहिलं, जसं कधीच पाहिलं नव्हतं, आणि मग ते लपवायला जोरात म्हणाल्या, "थर बघ आधी. तळवा फिरव. नाहीतर उद्या म्हणशील, वन्संनी दाखवलं नाही."

सांधेवाली गुडघ्यांवर बसली आणि भिंतीपासून सुरुवात करून तळवा फिरवू लागली.